पाच प्रयोगशाळांचा डेटा एका जागी: टीबीच्या सिस्टिम्स बायॉलॉजीसाठी खुला मंच कसा उभारावा?

पेशीपुराण:

मंडळी, नमस्कार.

टीबीवरच्या एका संयुक्त प्रकल्पात आम्ही पाच प्रयोगशाळा आहोत. एकीकडे जिवाणू वाढवून आरएनए काढतात, दुसरीकडे प्रथिनं मोजतात, तिसरीकडे मेटॅबोलाइट्स, म्हणजे चयापचयातले छोटे रेणू, चौथीकडे मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींना संसर्ग देऊन काय होतं ते पाहतात. पाचवे आम्ही, म्हणजे या सगळ्या आकड्यांवरून जिवाणूच्या चयापचयाचं गणिती मॉडेल बांधणारे. अनुदानाच्या अर्जात कुणीतरी हौसेने लिहून ठेवलंय की प्रकल्पाच्या सगळ्या डेटासाठी 'सामायिक आणि खुला मंच' उभारला जाईल. ते काम आता माझ्या गळ्यात आलंय.

सध्या सगळं एक्सेलमध्ये आणि ईमेलमध्ये आहे. आकडे मिळतात, आकड्यांमागचं काही मिळत नाही. 'कंट्रोल' नावाचा रकाना असतो. कंट्रोल म्हणजे काय ते ज्याने प्रयोग केला त्याला ठाऊक, आणि तो पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी) केव्हाच परदेशी गेलेला. जिवाणू कुठल्या माध्यमात वाढवले, त्यात ग्लिसरॉल होतं की कोलेस्टेरॉल, ओडी (म्हणजे वाढीने द्रव किती गढूळ झालाय ते) किती असताना काढले, यावर आमचं अख्खं उत्तर फिरतं. २०१० साली सिंगापूरच्या नोव्हार्टिस संस्थेतल्या गटाने छापलेलं काम बघा. टीबीच्या जिवाणूला मारणारी काही संयुगं त्यांना चाळणीत सापडली, उंदरांमध्ये मात्र ती निकामी ठरली. निघालं असं की ती फक्त ग्लिसरॉल घातलेल्या माध्यमातच मारत होती. जिवाणूच्या आत ग्लिसरॉल फॉस्फेट साचायचं आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, आटायचं. उंदराच्या फुप्फुसात जिवाणूला ग्लिसरॉलवर जगावं लागत नाही, मग तिथे औषध चालणार कसं? अशा प्रयोगांच्या डेटात माध्यमाचा रकाना रिकामा असेल तर दुसऱ्या कुणाला हे कधी कळणारच नाही.

तर मला विचारायचंय: तयार सॉफ्टवेअर घ्यावं की आपलं बांधावं? लोकांकडून ही माहिती भरून घ्यायची कशी? आणि 'खुला' म्हणजे नेमका कधीपासून खुला? ज्यांनी असं काही केलंय किंवा ज्यांच्यावर असं काही लादलं गेलंय, त्या दोघांचंही ऐकायचंय.

कोडगा:

यात एवढं काय आहे? पोस्टग्रेस डेटाबेस, त्यावर एक एपीआय, फाइल्ससाठी ऑब्जेक्ट स्टोरेज, लॉगिन. दोन इंजिनियर द्या, तीन महिन्यांत चालू करून देतो. तुमच्या लोकांना फक्त स्कीमा, म्हणजे कुठले रकाने आणि ते कसे जोडलेले, ते ठरवायला सांगा.

पेशीपुराण:

'फक्त' स्कीमा. :)

क्ष_किरण:

वाचतोय. पण आधी एक बाळबोध प्रश्न. सिस्टिम्स बायॉलॉजी म्हणजे साध्या बायॉलॉजीपेक्षा वेगळं काय?

पेशीपुराण:

@क्ष_किरण, थोडक्यात: एकेक जनुक किंवा प्रथिन सुटं न बघता त्यांचं सगळं जाळं एकत्र मोजायचं, त्याचं मॉडेल करायचं, मॉडेलचं भाकीत प्रयोगाने तपासायचं, आणि चुकलं की पुन्हा मॉडेलकडे यायचं. त्यामुळे एका गटाचा डेटा दुसऱ्याच्या हातात पडला नाही तर हे चाकच फिरत नाही.

नदीकाठचा:

मी जर्मनीत याच क्षेत्रात असतो, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमचा प्रश्न युरोपात २००७-०८ च्या सुमारास जसाच्या तसा उभा राहिला होता. सिस्मो नावाचा कार्यक्रम होता, सूक्ष्मजीवांच्या सिस्टिम्स बायॉलॉजीवर. सहा देश, अकरा प्रकल्प. कुणी यीस्टवर, कुणी ई. कोलायवर, कुणी दुधातल्या लॅक्टिक आम्लवाल्या जिवाणूंवर काम करणारे. डेटाचं काम मँचेस्टरच्या कॅरोल गोबल आणि हायडेलबर्गच्या वोल्फगांग म्युलर यांच्या गटांकडे आलं. त्यातून 'सीक' हे सॉफ्टवेअर तयार झालं. पुढे त्याच मंडळींनी फेअरडॉम नावाने ते चालू ठेवलं, आणि फेअरडॉमहब हे त्याचं सार्वजनिक रूप आजही चालतंय.

त्यांनी सुरुवातीला काय केलं ते महत्त्वाचं आहे. सर्व्हर मांडण्याआधी प्रत्येक प्रकल्पातून तरुण पीएचडीवाले आणि पोस्टडॉक निवडले, म्हणजे ज्यांचे हात खरोखर पिपेटवर असतात असे. प्रोफेसरांना नाही घेतलं. या लोकांना डेव्हलपरांबरोबर बसवलं आणि विचारलं, तुम्ही आज डेटा कुठे ठेवता? उत्तर एकच आलं: एक्सेल. दुसरं उत्तर: स्वतःच्या प्रकल्पात दाखवू, बाहेर नाही, पेपर निघेपर्यंत तर नाहीच.

ही दोन्ही उत्तरं त्यांनी दोष न मानता जमीन मानली. एक्सेल सोडा असं सांगितलं नाही. राइटफील्ड नावाचं साधन केलं, ते नेहमीच्या एक्सेल टेम्प्लेटमध्ये ऑन्टॉलॉजीतल्या (प्रमाणित शब्दसूचीतल्या) ठरलेल्या संज्ञा लपवून ठेवतं. भरणाऱ्याला फक्त ड्रॉपडाउन दिसतो. मागे प्रत्येक शब्दाला पक्का ओळखक्रमांक चिकटलेला असतो, ते त्याला कळायची गरजच नाही. आणि परवानग्या फाइलगणिक ठेवल्या: फक्त मी, माझा गट, सगळा कार्यक्रम, सगळं जग. सुरुवातीला लोक 'फक्त मी' वर टाकतात. टाकू द्या. एकदा फाइल आणि तिची माहिती आत आली की पुढचा दरवाजा उघडायला एक क्लिक लागते. पण जी फाइल लॅपटॉपवरच राहिली ती गेलीच.

रचनेसाठी त्यांनी इन्व्हेस्टिगेशन, स्टडी, ॲसे अशी तीन पायऱ्यांची उतरंड घेतली. मोठा प्रश्न, त्याखाली एक अभ्यास, त्याखाली एकेक मोजणी. मॉडेल्स, प्रोटोकॉल आणि डेटा हे तिन्ही त्याच उतरंडीला टांगायचे. तुमच्यासाठी हे सोन्यासारखं आहे, कारण कुठलं मॉडेल कुठल्या मोजणीवर उभं आहे हे दिसतं.

@कोडगा, सीक मुक्तस्रोत आहे, रूबी ऑन रेल्समध्ये आहे, डॉकरवर चढतं. तुमचे तीन महिने टेम्प्लेट ठरवण्यात घालवा, ते कमीच पडतील.

कोडगा:

रूबी?? बरं. बघतो रेपो.

बुरशी:

मी त्या पिपेटवाल्या जमातीतला. पीएचडीचं चौथं वर्ष. 'लोकांकडून भरून घ्यायची कशी' हे वाचून जरा हसू आलं, म्हणून लिहितो.

टीबीचा जिवाणू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो. प्लेटवर वसाहती दिसायला तीन-चार आठवडे. सगळं बीएसएल-३ मध्ये, म्हणजे कडक जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेत, श्वसनमुखवटा लावून, आत पेन नेलं तर बाहेर आणता येत नाही. एवढं करून मिळालेले आकडे मी मंचावर टाकायचे, सोबत चाळीस रकाने भरायचे, आणि मग मॉडेलवाले एसीत बसून दोन आठवड्यांत पेपर काढणार. त्यात माझं नाव सातवं. 'खुलं विज्ञान' हे शब्द बहुतेक वेळा ज्यांच्याकडे स्वतःचा डेटा नसतो त्यांच्या तोंडी ऐकलेत. कडवट वाटेल, पण लॅबमध्ये हे सगळे बोलतात, मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही.

सेवानिवृत्त_सूक्ष्मजीव:

@बुरशी, बाळा, कडवट नाही, खरं आहे. पण दुसरी बाजूही ऐक.

१९९६ साली बर्म्युडाला मानवी जीनोमवाले जमले आणि ठरलं की वाचलेला क्रम चोवीस तासांत जगाला खुला करायचा. आज आपण ब्लास्ट मारतो, म्हणजे एखादा क्रम साठ्यांतल्या क्रमांशी ताडून बघतो, तेव्हा त्याचं फळ खातो. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये प्रथिनांच्या अवघ्या सात संरचनांवर सुरू झाली. पुढे नियतकालिकांनी अट घातली: संरचना जमा केल्याशिवाय पेपर छापणार नाही. तिथून ती वाढली. चांगुलपणावर कुठलाही डेटाबेस मोठा झालेला मी पाहिला नाही, अटीवर झालेले पाहिलेत.

मात्र बर्म्युडाचा करार मोठ्या केंद्रांचा होता. त्यांचं कामच क्रम वाचायचं, त्यांना त्याचेच पैसे मिळत होते. पीएचडीच्या पोराला तोच नियम लावणं अन्यायाचं आहे.

माझी चिंता निराळी. अनुदान संपल्यावर काय? देवळाच्या बांधकामाला वर्गणी मिळते, रोजच्या दिवाबत्तीला मिळत नाही. अरबिडॉप्सिस या प्रयोगातल्या रोपट्याचा टेअर डेटाबेस घ्या. जगभरचे वनस्पतीवाले त्यावर जगत होते, सरकारी पैसा थांबला आणि २०१३ नंतर त्याला वर्गणीदारीवर जावं लागलं. केग या चयापचयाच्या नकाशांच्या साठ्याने २०११ पासून एफटीपीने घाऊक डेटा उतरवायला पैसे लावले. तुमच्या पाच प्रयोगशाळांच्या मंचाचा सर्व्हर चौथ्या वर्षी कोण चालवणार ते आज लिहून घ्या.

आणि हो, केगचे नकाशे उचलून आपल्या खुल्या मंचावर ठेवू नका. परवान्याची भानगड होईल.

हिरवीमिरची:

आपल्याकडे हे एकदा झालंय, कुणी कसं काढलं नाही अजून!

२००८ च्या सप्टेंबरात सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी सुरू केलं. समीर ब्रह्मचारी तेव्हा महासंचालक. रोग टीबीच. त्यासाठी 'सिसबॉर्ग' नावाचं पोर्टल होतं, त्या नावातच सिस्टिम्स बायॉलॉजी होती. २००९ च्या अखेरीस 'कनेक्ट टू डिकोड' निघालं. टीबीच्या जीनोममध्ये चार हजारांच्या आसपास जनुकं. १९९८ मध्ये क्रम वाचून झालेला, पण कितीतरी जनुकांपुढे 'काम अज्ञात' एवढंच. देशभरातल्या शेकडो विद्यार्थ्यांना ही जनुकं वाटून दिली. मी तेव्हा एमएस्सीला होते. पेपर वाचायचे, जनुक काय करतं, कुठल्या प्रथिनाशी जोडलेलं आहे, पुरावा कुठल्या पेपरात, ते सामायिक शीटमध्ये भरायचं. २०१० च्या एप्रिलमध्ये निकाल जाहीर झाला, वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा. तो जरा जास्तच होता, हे माझं मत.

पण काम खोटं नव्हतं. त्यातून प्रथिनांच्या जाळ्यावर पेपर निघाला, पुढे ८९० जनुकांचं चयापचयाचं मॉडेल निघालं, त्याचं नावच आयओएसडीडी ८९०. आम्ही सामील का झालो? कारण कुणी काय भरलं त्याची नोंद राहायची, नावानिशी. गावाकडच्या कॉलेजातल्या मुलीला सीएसआयआरच्या कामात नाव लागणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. @बुरशी, तुमच्या सातव्या नावाचं उत्तर कदाचित इथे आहे: रकान्यागणिक श्रेय.

आणि एक शिकले: 'पुरावा' हा रकाना सक्तीचा हवा. तो ऐच्छिक ठेवला की लोक विकिपीडिया वाचून भरतात.

क्ष_किरण:

मग ते पोर्टल आता कुठे आहे?

हिरवीमिरची:

पुढे कार्यक्रमाचा जोर ओसरला. आज त्यातलं काम बघायचं तर छापलेल्या पेपरांतून शोधावं लागतं. काकांची दिवाबत्ती!

डॉ_खोकला:

छातीविकारवाला आहे. दोन गोष्टी, त्या विसरू नका.

रुग्णांचे नमुने असतील तर जिल्हा, वय, लिंग आणि कुठल्या औषधांना प्रतिरोध, एवढ्या चार गोष्टींवरूनही माणूस ओळखू येतो. आमच्या तालुक्यात एक्सडीआरचा, म्हणजे बहुतेक प्रभावी औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचा, रुग्ण एखादाच असतो, सगळ्या ओपीडीला माहीत असतो. नाव काढलं म्हणजे झालं, हा गैरसमज आहे. २००८ मध्ये तर दाखवून दिलं गेलं की गटाच्या सरासरी जनुकीय आकड्यांवरूनही एखादी व्यक्ती त्या गटात होती की नाही ते काढता येतं, आणि अमेरिकेच्या एनआयएचने तसले आकडे सार्वजनिक जागेवरून काढून घेतले.

दुसरं, थेट थुंकीतून सिक्वेन्सिंग केलं असेल तर त्या फाइलमध्ये रुग्णाचा डीएनए भरपूर असतो. मानवी रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) गाळल्याशिवाय कुठेही चढवू नका. मॅक्रोफेज दात्यांच्या रक्तातून काढत असाल तर त्यालाही हेच लागू. हा भाग खुला नाही, अर्ज करून मिळणारा ठेवा.

पेशीपुराण:

डॉक्टर, हे फार कामाचं. संमतीपत्रात पुढच्या वापराची परवानगी आहे का ते उद्याच बघते.

विंचूरकरीण:

एक्सेलचं कौतुक चाललंय म्हणून अवांतर. मॅक्रोफेजचा डेटा आहे ना? मग मानवी जनुकं असणार. सेप्ट२ आणि मार्च१ ही जनुकांची नावं एक्सेल तारखा करून टाकतं. २०१६ मध्ये कुणीतरी पेपरांसोबतच्या एक्सेल याद्या तपासल्या, तर जनुकयाद्या असलेल्या पेपरांपैकी पाचातल्या एकात हा घोळ. एक्सेल काही बदलेना, शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली: सेप्टिन२, मार्चएफ१. जुन्या फाइल आत घेताना हा रकाना तपासा.

नदीकाठचा:

@विंचूरकरीण, नावांवरून आठवलं. टीबीची पहिली दोन मोठी चयापचय मॉडेल्स २००७ साली आली, एक सान दिएगोचं, एक इंग्लंडातल्या सरेचं. जिवाणू तोच, पण एकाच रेणूला दोघांकडे वेगळी नावं, त्यामुळे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे हमाली. २०१८ मध्ये १०११ जनुकांचं मॉडेल आलं, त्यात मधल्या काळातली मॉडेल्स एकत्र करून एका नामपद्धतीत बसवली आहेत. तेवढ्यात दशक उलटलं.

म्हणून पहिल्या दिवसापासून: जनुकाला आरव्ही क्रमांक, म्हणजे टीबीच्या जनुकाचा ठरलेला ओळखक्रमांक. कॅट-जी लिहा, पण शेजारी आरव्ही१९०८सी असू द्या. रेणूला केबी (ChEBI) या रेणूंच्या साठ्यातला क्रमांक, मॉडेल एसबीएमएल या मॉडेल लिहायच्या ठरलेल्या भाषेत. एसबीएमएल २००१ पासून आहे, शेकडो साधनं ते वाचतात. कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, लक्झेंबर्गच्या पुढाकाराने दोनशेहून जास्त संशोधकांनी विषाणू आणि पेशी यांच्या देवाणघेवाणीचा नकाशा बनवला. तो इतक्या झटपट होऊ शकला कारण नकाशे लिहायची भाषा आणि फेअरडॉमहबसारखी जागा आधीच तयार होती.

आणि आता मॉडेलवाल्यांचेही कान धरतो. केंब्रिजजवळ हिंक्स्टनला बायोमॉडेल्स नावाचा साठा आहे, २००५ पासूनचा. तिथल्या लोकांनी छापून आलेली ४५५ मॉडेल्स पुन्हा चालवून पाहिली, २०२१ मध्ये निकाल छापला. ४९ टक्के मॉडेल्स पेपरातल्या माहितीवरून उभीच राहिली नाहीत. खटपट करून, लेखकांना विचारून आणखी १२ टक्के उभी राहिली. बाकीची नाहीच. कुठे सुरुवातीची प्रमाणं दिलेली नाहीत, कुठे पॅरामीटर गायब, कुठे समीकरणात चिन्हच उलटं. म्हणजे डेटा कोंडून ठेवणारे फक्त पिपेटवाले नाहीत.

बुरशी:

हे बरं सांगितलंत. मग माझी अट ऐका. मी मोजणी ज्या दिवशी चढवेन त्या दिवसापासून मॉडेलवाल्यांनीही त्यांचं मॉडेल आणि स्क्रिप्ट तिथेच ठेवायची, 'अजून स्वच्छ करतोय' हे चालणार नाही. मला माझ्या आकड्यांवर मॉडेल काय म्हणतं ते पेपरच्या आधी दिसायला हवं. त्यातून पुढचा प्रयोग ठरत असेल तर चाळीस रकाने भरायला मी तयार आहे. नुसत्या डीओआयने (डेटाला मिळणाऱ्या कायमच्या ओळखक्रमांकाने) पोस्टडॉक मिळत नाही, पुढच्या प्रयोगाने मिळतो.

कोडगा:

हे आवडलं. +१

पेशीपुराण:

@बुरशी, मान्य. आमच्या गटात यावर कुरकुर होईल, पण मान्य.

सगळं वाचून मी जे मांडणार आहे ते असं. नवीन सॉफ्टवेअर नाही, सीक बसवायचं. कच्चा डेटा आमच्याकडे कायमचा ठेवायचा नाही. तो सार्वजनिक साठ्यांत जाईल: आरएनएचा जीईओत, प्रथिनांचा प्राइडमध्ये, मेटॅबोलाइट्सचा 'मेटाबोलाइट्स' (MetaboLights) या युरोपातल्या ईबीआय संस्थेच्या साठ्यात, आणि जिवाणूंचे क्रम फरिदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये. ते नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालंय, आणि डीबीटीचा (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा) पैसा असल्यावर तसंही तिथे जमा करणं अपेक्षितच आहे. आमच्या मंचावर दुवे, परिस्थितीची माहिती, प्रोटोकॉल आणि मॉडेल्स. त्यामुळे चौथ्या वर्षी सर्व्हर बंद पडला तरी डेटा बुडणार नाही, आणि आमची पानं निर्यात करून झेनोडो या खुल्या साठ्यावर ठेवता येतील. काका, दिवाबत्तीचं एवढंच सुचतंय.

कुणी काय मोजलं, कधी, कशावर, हे पाचही प्रयोगशाळांना लगेच दिसेल. आकडे गटाबाहेर कधी जातील: पेपर निघाल्यावर किंवा मोजणीनंतर दीड वर्षाने, जे आधी होईल ते.

बुरशी:

दीड नाही, दोन. बीएसएल-३ चं वेळापत्रक बघा आमचं.

सेवानिवृत्त_सूक्ष्मजीव:

दोन दे गं. दीडवर अडून बसलीस तर 'प्राथमिक आकडे' म्हणून अर्धवट फाइल चढवतील. मी हेच केलं असतं.

पेशीपुराण:

दोन. पण निगेटिव्ह निकालांना मुदत नाही, ते लगेच उघडे. ते तसेही कुणी चोरत नाही. :)

टेम्प्लेटचा कच्चा मसुदा केलाय, सोळा रकाने, चाळीस नाहीत: स्ट्रेन (जिवाणूचा वाण), स्ट्रेन कुठून आणला, माध्यम, कार्बनस्रोत, तापमान, ओडी, ढवळलं की स्थिर, वगैरे.

बुरशी:

पाहिला. ट्वीन ८० या डिटर्जंटचा रकाना नाही. गाठी होऊ नयेत म्हणून सगळेच घालतात, आणि इतकं सवयीचं आहे की वहीत लिहीतही नाहीत. पण त्यातलं ओलेइक आम्ल जिवाणू खातो. म्हणजे तुमच्या मॉडेलला आणखी एक कार्बनस्रोत. आमच्याकडे काही जण टायलॉक्सापॉल घालतात, ते खाल्लं जात नाही. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत फरक आला तर आधी हे बघा. किती टक्के तेही विचारा.

पेशीपुराण:

सतरा रकाने. ड्रॉपडाउनमध्ये ट्वीन ८०, टायलॉक्सापॉल, काहीही नाही, आणि शेजारी टक्केवारी. टेम्प्लेटवर तुमचं नाव टाकतेय, पहिल्या ओळीत.

कोडगा:

सीक डॉकरवर चढवून पाहिलं, चालतंय. लॉगिन तुमच्या संस्थांच्या एलडॅपला (संस्थेच्या खात्यांच्या यादीला) जोडायचं की वेगळं? पाच संस्था म्हणजे पाच आयटी विभाग, त्यांची पत्रं आत्ताच टाकायला घ्या.